डोप झालेला घोडा आणि मार्चचा हप्ता

वानवडीच्या एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ५६ आहे, भोसरीतल्या एका कारखान्यात नोकरी आहे आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. पुण्याच्या रेसकोर्सवर ते तरुणपणापासून जातात. गेल्या हंगामात देशातल्या दुसऱ्या एका केंद्रावरच्या शर्यतीसाठी त्यांनी इथल्या बुकीकडे एका घोड्यावर १२ हजार रुपये लावले. भाव एकास चार होता. घोडा दुसरा आला आणि पैसे गेले. सात आठवड्यांनी बातमी आली की, पहिल्या आलेल्या घोड्याच्या नमुन्यात निषिद्ध औषध सापडले, तो बाद झाला आणि यांचा घोडा विजेता ठरला. बक्षीस घोड्याच्या मालकाला मिळाले, पैज लावणाऱ्यांना काही नाही. त्यांचे प्रश्न दोन आहेत. एक, गेलेले १२ हजार आणि हक्काचे ४८ हजार मिळवण्यासाठी दावा लावावा का, कारण वकिलांनी ४० हजार फी सांगितली आहे. दुसरा, इथल्या शर्यतींवर विश्वास उरलेला नसल्यामुळे ‘डोपिंगमुक्त’ परदेशी शर्यतींच्या टिप्स देणाऱ्या आणि पैजाही लावून देणाऱ्या एका टेलिग्राम ग्रुपमध्ये दरमहा ५ हजार भरून जावे का.

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात त्यांनी सहज म्हणून लिहिले आहे, ‘मार्चमध्ये विम्याचा अडीच लाखांचा हप्ता असतो. तो दरवर्षी शर्यतींतून सुटतो. यंदा सुटला नाही, म्हणून पत्नीच्या पाटल्या दीड टक्क्याने तारण ठेवल्या. तिला अजून सांगितलेले नाही.’

दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. परंतु या पत्राचे वजन शेवटच्या चार वाक्यांत आहे आणि माझे बरेचसे उत्तर त्यांच्याविषयीच असेल.

दाव्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शर्यतीत बक्षिसाचा निकाल आणि पैजेचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोडे परतले, जॉकींची वजने झाली, हरकत असल्यास स्टुअर्डांनी (शर्यतीच्या पंचांनी) ती ऐकली आणि ‘ऑल क्लिअर’ झाले, की पैजेचा हिशेब तिथे मिटतो. मूत्राचे आणि रक्ताचे नमुने त्यानंतर प्रयोगशाळेत जातात. पहिला नमुना सदोष निघाला, तर राखून ठेवलेला दुसरा तपासला जातो, ट्रेनरला बाजू मांडण्याची संधी मिळते, आणि या साऱ्याला काही आठवडे किंवा महिने लागतात. तोपर्यंत पैजांचे पैसे अडवून ठेवायचे, तर कोणालाच वेळेवर पैसे मिळणार नाहीत. म्हणून शर्यतींच्या जगात जवळपास सर्वत्र नियम असा आहे की, नंतर झालेल्या अपात्रतेमुळे बक्षीस हलते, पैज हलत नाही. हे अन्यायकारक वाटणे स्वाभाविक आहे आणि तुमचा रागही रास्त आहे. पण ज्या नियमांखाली तुम्ही पैज लावली, त्यांतच हे आहे.

हे केवळ आपल्याकडे होत नाही. २०२१ ची केंटकी डर्बी मेडिना स्पिरिट या घोड्याने जिंकली. त्याच्या नमुन्यांत बीटामेथासोन हे स्टेरॉइड सापडले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी, तो बाद ठरला. दुसऱ्या आलेल्या मॅन्डलूनला विजेता घोषित करण्यात आले आणि पहिल्या बक्षिसाचे १८ लाख ६० हजार डॉलर त्याच्या मालकांच्या नावे झाले. ज्यांनी मॅन्डलूनवर पैसे लावले होते, त्यांची तिकिटे मात्र कोरीच राहिली, आणि मेडिना स्पिरिटवर जिंकलेल्यांकडून कोणी पैसे परत मागितले नाहीत. काही पैजकरी न्यायालयात गेले. तिथेही त्यांचे दावे टिकले नाहीत. माझ्या माहितीत एका पैजकऱ्याला पैसे मिळाल्याचे ठळक उदाहरण न्यू जर्सीचे आहे. २०१६ मधल्या एका शर्यतीतल्या डोपिंगबद्दल त्याने ट्रेनरवर दावा लावला आणि २०२० मध्ये २० हजार डॉलरवर तो मिटला. तीही तडजोड होती, न्यायालयाने घालून दिलेला पायंडा नव्हे. तुमच्याकडे ४० हजार रुपये मागणाऱ्या वकिलांना एवढेच विचारा की, भारतात असा दावा जिंकलेला एक तरी पैजकरी ते दाखवू शकतात का. ६० हजारांच्या आशेपायी ४० हजार आणि काही वर्षे घालवणे हे पहिल्या नुकसानीवर दुसरे नुकसान होईल. क्लबच्या स्टुअर्डांना लेखी तक्रार अवश्य करा, तिकिटाची प्रत जोडा आणि तपासणीचा निष्कर्ष जाहीर करण्याची मागणी करा. त्याला टपालापुरताच खर्च येतो आणि अशी पत्रे साचली तर त्यांचा दबाव पडतो. पैसे मात्र त्यातून येणार नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही ‘नाही’च आहे, आणि ते मी अधिक जोराने देतो. ‘डोपिंगमुक्त परदेशी शर्यती’ असा मालच अस्तित्वात नाही. केंटकीचे उदाहरण वर आलेच. ब्रिटनमध्ये २०१३ साली न्यूमार्केटच्या महमूद अल झरूनी या ट्रेनरवर घोड्यांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड दिल्याबद्दल आठ वर्षांची बंदी आली, आणि त्याचा तबेला जगातल्या सर्वांत श्रीमंत तबेल्यांपैकी एक होता. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये ट्रेनर, पशुवैद्य आणि औषधे पुरवणारे मिळून दोन डझनांहून अधिक जणांवर सरकारने गुन्हे दाखल केले. त्यांपैकी होर्हे नवारो याला पुढे पाच वर्षांची आणि जेसन सर्व्हिस याला चार वर्षांची कैद झाली. या प्रकरणातली औषधे तपासणीत सापडूच नयेत अशा बेताने वापरली जात होती, आणि तपास पुढे सरकला तो मुख्यतः फोनवरची संभाषणे ऐकून. म्हणून नमुना निर्दोष निघाला एवढ्यावरून शर्यत स्वच्छ होती असे म्हणता येत नाही. तुमच्या शर्यतीतला घोडा निदान पकडला गेला. ज्या शर्यतीत कोणीच पकडले गेले नाही, तिथे तुमचे किती गेले, ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

शिवाय फसवणूक म्हणजे केवळ जिंकण्यासाठी दिलेले औषध नव्हे. फेव्हरिट, म्हणजे जिंकेल असे बहुतेकांना वाटणारा घोडा, मागे पडावा म्हणून गुंगीचे औषध देता येते. जॉकी घोडा ओढतो, म्हणजे लगाम खेचून मुद्दाम मागे ठेवतो, त्यात तर कोणतेच औषध लागत नाही. दोन-तीन शर्यतींत घोडा मुद्दाम मागे ठेवून त्याचा हँडिकॅप (घोड्याच्या कामगिरीनुसार त्याच्या पाठीवर ठरवले जाणारे वजन) उतरवून घ्यायचा आणि भाव चांगला मिळाला की त्याला मोकळा सोडायचा, हा प्रकार रेसकोर्सवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. या सगळ्याची माहिती तबेल्यातल्या काही जणांकडे असते आणि तुमच्याकडे नसते. शेअर बाजारात आतल्या माहितीवर व्यवहार करणाऱ्याविरुद्ध सेबीचे नियम तरी आहेत. रेसकोर्सवर ज्याला घोड्याची प्रकृती ठाऊक आहे, त्याच्याच समोर उभे राहून तुम्ही पैज लावता. टिप विकणारा ही दरी भरून काढू शकत नाही. त्याला खरोखर माहिती असती, तर ती दरमहा ५ हजारांना शेकडो लोकांत वाटून त्याने स्वतःचा भाव पाडून घेतला नसता.

टेलिग्राम ग्रुपविषयी कायद्याच्या बाजूनेही सांगणे आवश्यक आहे. रेसकोर्सवरच्या टोटवर (क्लबच्या सामाईक पैजेच्या खिडकीवर) किंवा परवानाधारक बुकीकडे लावलेली पैज वेगळी आणि कोण्या अनोळखी माणसाच्या यूपीआयवर पैसे पाठवून ‘परदेशात’ लावलेली पैज वेगळी. परकीय चलनाच्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक्स अशा गोष्टींसाठी देशाबाहेर पैसे पाठवण्यास मनाई आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. असे ग्रुप दर आठवड्याला वेगळ्या माणसाचे खाते देतात. त्यांतले एखादे खाते सायबर पोलिसांच्या यादीत आले, की त्याच्याशी व्यवहार केलेली खातीही गोठवली जाऊ शकतात. तुमचे खाते पगाराचे आहे. ते गोठले तर घर कसे चालेल, याचा विचार करा.

आता फसवणुकीची किंमत आणि उघडपणे कापल्या जाणाऱ्या पैशांची किंमत शेजारी ठेवून पाहू. तुमच्या पत्रानुसार पुण्याचा हंगाम आणि हिवाळ्यात इथूनच मुंबईच्या शर्यती धरून वर्षाला साधारण ४० दिवस होतात आणि दर दिवशी खिशातून १० हजार जातात. म्हणजे वर्षाला ४ लाख झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजेला ४० टक्के जीएसटी आहे, तोही पैजेच्या पूर्ण रकमेवर. त्यामुळे ४ लाखांतले सुमारे १ लाख १५ हजार करात जातात आणि २ लाख ८५ हजार प्रत्यक्ष पैजेत उरतात. त्यातला टोटचा किंवा बुकीचा हिस्सा हिशेबापुरता एक पंचमांश धरला, तर जिंकणाऱ्यांत वाटायला २ लाख ३० हजारांच्या आसपास उरतात. सर्वसाधारण पैजकरी, ज्याला कोणीही फसवलेले नाही आणि ज्याच्या शर्यतीतले सगळे घोडे स्वच्छ आहेत, तो वर्षाला ४ लाख लावून १ लाख ७० हजार गमावतो. नुसती बरोबरी साधायची, तर तुम्हाला इतर पैजकऱ्यांच्या पावणेदोन पट चांगले खेळावे लागेल, आणि तेही दरवर्षी.

डोप झालेल्या घोड्याने तुमचे १२ हजार नेले, फार तर त्यासोबत न मिळालेले ४८ हजार. त्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम दरवर्षी पावतीवर छापून, कायदेशीर रीतीने जाते आणि तिच्याविषयी पत्रात एक ओळही नाही. पैज लावणाऱ्याने डोपिंगला काय उत्तर द्यावे, असे मला विचाराल तर माझे उत्तर हेच आहे की, फसवणूक ही या खेळातली आणखी एक वजावट समजावी. तिचा आकडा माहीत नाही, म्हणून ती मोठी धरावी आणि पैजेची रक्कम त्या मानाने खाली आणावी. अधिक स्वच्छ शर्यत, अधिक पक्की टीप किंवा नुकसान भरून काढणारी मोठी पैज शोधणे हा रागावरचा इलाज असेल, पैशांवरचा नाही.

तुम्ही लिहिता की, सर्वोच्च न्यायालयानेच घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले आहे. १९९६ चा तो निकाल आहे आणि तो तसाच आहे. पण त्या निकालाने शर्यतीवरची पैज जुगाराच्या कायद्यात बसते की नाही, एवढेच ठरवले. पैज लावणाऱ्याला नफा होतो असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. प्राप्तिकर खात्याच्या लेखी तर ही जिंकी लॉटरीच्याच रांगेत बसते. दहा हजारांवरच्या जिंकीतून ३० टक्के जागेवरच कापले जातात, वर उपकर असतो, करमुक्त मर्यादेचा फायदा मिळत नाही, आणि त्याच वर्षी हरलेली एकही पैज त्या जिंकीतून वजा होत नाही.

तुमच्याच जॅकपॉटचे उदाहरण घेऊ. दोन वर्षांपूर्वी २ लाख ६० हजारांचा जॅकपॉट लागला आणि ‘त्या वर्षीचा हप्ता त्यातून गेला’ असे तुम्ही लिहिले आहे. त्यातून ७८ हजार कर कापला गेला आणि हातात १ लाख ८२ हजार आले. हप्ता अडीच लाखांचा होता. उरलेले ६८ हजार पगारातूनच आले असणार. त्याच वर्षी ४० दिवसांत लावलेले ४ लाखही पगारातूनच गेले. म्हणजे तुमच्या आठवणीतल्या सर्वांत चांगल्या वर्षीसुद्धा शर्यतींनी हप्ता भरलेला नाही. हप्ता तुमच्या पगाराने भरला आणि शर्यतींचे पैसेही पगारानेच भरले. जॅकपॉटचा दिवस लक्षात राहिला आणि बाकीचे एकोणचाळीस राहिले नाहीत. बँकेचे पासबुक काढा, हंगामातल्या शनिवार-रविवारच्या एटीएमच्या नोंदींवर पेन्सिलने खुणा करा आणि बेरीज मारा. त्या एका तासात मी इथे लिहितो आहे त्याहून अधिक तुम्हाला समजेल. हा जॅकपॉट त्या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवला होता का, हेही तपासा. कापलेल्या कराची नोंद खात्याकडे आधीच पोहोचलेली असते.

आता त्या पॉलिसीकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या लाभतक्त्याच्या छायाचित्रात आकडे स्पष्ट दिसतात. वार्षिक हप्ता अडीच लाख, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे, विमा संरक्षण २५ लाख आणि शेवटी खात्रीचे ४५ लाख. बँकेतल्या अधिकाऱ्याने हे ‘एफडीपेक्षा दुप्पट’ म्हणून विकले, असे तुम्ही लिहिता. दहा वर्षांत भरायचे २५ लाख आणि विसाव्या वर्षी मिळायचे ४५ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेचार ते चार टक्के. पीपीएफवर आज ७.१ टक्के मिळतात. ‘दुप्पट’ हा शब्द ज्याने वापरला, त्याने मुदत सांगायची टाळली, आणि ५२ वर्षांच्या माणसाला ७२ व्या वर्षी पैसे देणारी, निवृत्तीनंतरही चार हप्ते मागणारी पॉलिसी विकताना त्याने तुमचे वयसुद्धा पाहिले नाही. अर्जात तुमचे वार्षिक उत्पन्न १८ लाख लिहिलेले आहे. पत्रात तुम्ही ११ लाख सांगता. तो आकडा कोणी भरला, हे उघड आहे. अशा विक्रीबद्दल मला मनापासून चीड आहे. कंपनीकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास पुण्यातल्या विमा लोकपालांच्या कार्यालयात तुम्ही तक्रार करू शकता. पण पॉलिसी परत करण्याची सुरुवातीची मुदत केव्हाच संपली आहे, सही तुमची आहे आणि चार हप्ते तुम्ही विनातक्रार भरलेले आहेत. पूर्ण रक्कम परत मिळेल, या आशेवर पुढचे नियोजन आखू नका.

आणि अशा चार टक्क्यांच्या पॉलिसीचा हप्ता भरण्यासाठी तुम्ही दरमहा दीड टक्क्याने, म्हणजे वर्षाला १८ टक्क्यांनी कर्ज काढले. अडीच लाखांवर वर्षाचे व्याज ४५ हजार होते. पत्रासोबतच्या तारण पावतीवर ‘पाटल्या ४ नग’ आणि त्याखाली वजन लिहिलेले आहे, आणि मुदतीच्या रकान्यात १२ महिने. बारा महिन्यांत रक्कम फेडली नाही, तर नोटीस येते आणि दागिने लिलावात जातात. ते सोडवण्यासाठी तुम्ही ‘येत्या हंगामावर’ विसंबून आहात. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ज्या व्यवहारात सर्वसाधारण माणूस चाराचे सव्वादोन करून घरी येतो, त्यावर पत्नीच्या पाटल्यांची सुटका अवलंबून ठेवता येणार नाही.

पाटल्या याच आठवड्यात सोडवा. मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली ४ लाखांची साडेसहा टक्क्यांची मुदत ठेव तुमच्याकडे आहे. ती मोडा, मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल थोडे व्याज जाईल ते जाऊ द्या, आणि कर्ज पूर्ण फेडा. साडेसहा मिळवण्यासाठी अठरा मोजत राहणे, हा वर्षाला २८-२९ हजारांचा निव्वळ तोटा आहे. उरलेले दीड लाख पुन्हा ठेवीत ठेवा. मुलगी २४ वर्षांची आहे आणि नोकरीला आहे. पुढच्या दोन वर्षांत ती रक्कम भरून काढता येईल, कशी ते खाली लिहितो. आणि पाटल्या घरी आणण्यापूर्वी पत्नीला सगळे सांगा. दागिने त्यांचे आहेत, त्यांना न विचारता गहाण पडले आहेत, आणि पॉलिसीवर नॉमिनी म्हणून नावही त्यांचेच आहे. तुम्हाला उद्या काही झाले तर तारण पावती कुठे आहे, हप्ता किती आहे, यातले त्यांना काहीच ठाऊक नसेल. घरातला दुसरा माणूस अंधारात असेल, तर कोणतेही आर्थिक नियोजन दोन महिन्यांपुढे टिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पॉलिसीचे काय करायचे, याला तीन वाटा आहेत आणि त्यांतली बहुतेकांना सुचणारी चुकीची आहे. चिडून सरेंडर केली, म्हणजे मुदतीपूर्वी मोडली, तर चार हप्त्यांनंतर साधारणपणे भरलेल्या रकमेच्या निम्मे मिळतात, म्हणजे १० लाखांचे ५ लाख. दुसरी वाट म्हणजे उरलेले सहा हप्ते, १५ लाख, भरत राहणे. त्या १५ लाखांमुळे शेवटच्या रकमेत २७ लाखांची भर पडते. हिशेब साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. तिसरी वाट पेड-अपची आहे. हप्ते थांबवायचे, पॉलिसी चालू ठेवायची आणि दहापैकी चार हप्त्यांच्या प्रमाणात लाभ घ्यायचा. ४५ लाखांचे चार दशांश म्हणजे १८ लाख सोळा वर्षांनी मिळतील. आज सरेंडर करून ५ लाख उचलायचे की ते तिथेच राहू देऊन १८ लाख घ्यायचे, एवढाच प्रश्न उरतो, आणि ५ चे १८ होणे म्हणजे वर्षाला सुमारे ८ टक्के, तेही खात्रीचे. तुमचा हप्ता मर्यादेत असल्यामुळे सध्याच्या नियमांनुसार ते करमुक्तही आहे. भरलेल्या पैशांना आता चांगला दर मिळतो आणि नव्याने भरायच्या पैशांना वाईट. म्हणून आधीचे काढायचे नाही आणि पुढचे भरायचे नाही. विमा संरक्षण २५ वरून १० लाखांवर येईल. घराचे कर्ज फिटले आहे आणि मुलगी कमावती आहे, त्यामुळे तेवढे मला चालण्याजोगे वाटते.

हप्ता थांबवला नाही तर काय होईल, तेही पाहा. ५८ व्या वर्षी तुम्हाला भविष्य निर्वाह निधीचे ३४ लाख आणि ग्रॅच्युइटीचे १० लाख मिळतील असा तुमचा अंदाज आहे. नोकरीतून निवृत्त होणाऱ्याला ५५ नंतरही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, मात्र निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तिथे ३० लाखांची मर्यादा आहे आणि सध्याचा दर ८.२ टक्के आहे. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार व्याज येईल. तुमचा हप्ता अडीच लाखांचा. म्हणजे निवृत्तीनंतरची पहिली चार वर्षे तुमच्या सर्वांत चांगल्या ठेवीचे सगळे व्याज ही एक पॉलिसी खाईल आणि महिन्याचा ४५ हजारांचा घरखर्च मुद्दलातून काढावा लागेल. ईपीएसचे (कर्मचारी पेन्शन योजनेचे) पाच-सहा हजार त्याला पुरणार नाहीत. ‘निवृत्तीनंतर पूर्ण वेळ शर्यतींचा अभ्यास करून महिना २० हजार काढीन’ असे तुम्ही लिहिले आहे. ही आशा कागदावरून खोडून टाका. वर्षाला २ लाख ४० हजार शर्यतींतून मिळवायचे, तर वरच्या हिशेबातला तोटा आधी शून्यावर आणावा लागेल आणि मग तेवढाच नफा त्यावर चढवावा लागेल. अभ्यासाला वेळ अधिक मिळाला म्हणून जीएसटीचा दर कमी होत नाही आणि तबेल्यातली माहितीही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

हप्त्याचे अडीच लाख आणि शर्यतींतले निदान दीड लाख असे वर्षाला ४ लाख, म्हणजे निवृत्तीपर्यंत ८ लाख मोकळे होतात. त्यांतून आधी मुलीच्या लग्नाची मोडलेली ठेव भरून काढा. मग तुमचा आणि पत्नीचा १० लाखांचा आरोग्य विमा घ्या. आज तुम्ही कंपनीच्या सामूहिक विम्यावर आहात आणि तो निवृत्तीच्या दिवशी संपेल. तुम्हाला रक्तदाब आहे. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते, म्हणून ती आजच सुरू व्हायला हवी. अर्जात रक्तदाब लपवू नका. ज्या दिवशी पैजेवरचा कर २८ टक्क्यांवरून ४० वर गेला, त्याच दिवशी वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्यावर आला. पैसा कुठे वळवावा, हे सरकारने इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले असेल. उरलेले पैसे पीपीएफमध्ये आणि आपत्कालीन ठेवीत जाऊ द्या.

आणि शर्यतींचे काय? पुण्याचा पावसाळी हंगाम, हिरवे मैदान, मित्रांबरोबरची दुपार, हे सगळे तुमच्या आयुष्याचा भाग आहे, हे मला समजते. तिथे जाऊ नका असे मी म्हणणार नाही. पण पाटल्या घरी येईपर्यंत एकही पैज लावू नका. त्यानंतर दिवसाला १ हजार रुपये रोख, खिशात तेवढेच, कार्ड आणि फोनचे यूपीआय बंद. ते गेले तर नाटकाच्या तिकिटाप्रमाणे ते खर्च झाले, असे धरा. वर्षाचे ४० हजार होतील, आणि कोणी घोडा ओढला किंवा टोचला, तरी घराला धक्का लागणार नाही. हे ठरवूनही पाळता येत नसेल, दुपारी चारनंतर एटीएमकडे पाय वळत असतील, तर तो पैशांच्या नियोजनाचा प्रश्न उरत नाही. टेलि-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक पत्नीलाही देऊन ठेवा.

विमा कंपनीला आजच ईमेल पाठवा. चार हप्ते भरलेल्या तुमच्या पॉलिसीचे आजचे सरेंडर मूल्य, पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी नेमकी रक्कम आणि तेव्हाचे विमा संरक्षण हे तीन आकडे लेखी मागा. फोनवर सांगितलेला आकडा स्वीकारू नका आणि बँकेतल्या त्या अधिकाऱ्याला मध्ये घेऊ नका, कारण तो तुम्हाला ही पॉलिसी मोडून नवी घ्यायला सांगेल. माझा १८ लाखांचा आकडा लाभतक्त्यावरून काढलेला आहे. कंपनीने पेड-अपची रक्कम १४ लाखांच्या खाली सांगितली, तर सरेंडर करून ते ५ लाख पीपीएफमध्ये टप्प्याटप्प्याने भरणे अधिक बरे ठरू शकेल आणि हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे. त्यापूर्वी कंपनीचे उत्तर मला पाठवा.